नितेशने दिलेले पाच तारे

ठेकेदार शोधता शोधता रागिणीला तिचा नवरा सापडला. वर पाच तारे, खाली नाव नितेश, बाजूला तो नेहमीचा गोल फोटो: चिखलदऱ्याच्या पॉइंटवर काळा चष्मा लावून उभा, मागं धुकं. माणूस तीन वर्षांपूर्वी गेलेला आणि मजकूर यंदाच्या दिवाळीनंतरचा. ‘काम फर्स्ट क्लास. किचनचा वट्टा मजबूत. ओल नाही. घरचे सगळे खुश. एकडाव येऊन पाहा.’ सिनेमात बायका अशा वेळी किंचाळतात. रागिणीने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि दारात उभ्या असलेल्या पोरीला विचारलं, वरच्या नळाला पाणी आलं का? पोरगी म्हणाली, आलं मॅडम. मग तिने फोन उताणा केला. तो होताच. चष्मा तोच, धुकं तेच. मुलींच्या ज्या खाजगी वसतिगृहाची ती वॉर्डन, त्याचं ते ऑफिस, दुपारची वेळ, खाली मेसमध्ये वरणाला फोडणी पडलेली, आणि वरच्या मजल्यावरच्या निम्म्या खोल्यांना कुलपं. बोंडअळीनं कपाशीची पऱ्हाटी खाल्ली आणि खेड्यांतले बाप एकेक करून आले, मान खाली घालून पोरींच्या गाद्या गुंडाळून घेऊन गेले. रिकाम्या खोल्यांची रागिणीला सवय झाली होती. पण रिकाम्या खोलीतून कुणी आतून कडी वाजवावी, तसं आत्ता काहीतरी वाजलं होतं.

ठेकेदार हवा होता तो भिंतीसाठी. अमरावतीत कठोरा नाक्याकडच्या लेआउटमधलं त्यांचं घर काळ्या मातीवर उभं होतं, आणि काळी माती काय कुणाच्या बापाची ऐकते? उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि वरचं घर बिचारं तिच्याबरोबर श्वास घेतं. स्वयंपाकघरातल्या भिंतीची भेग सिलिंडरच्या मागून निघून खिडकीपर्यंत चढली होती. मृगात ती मिटायची, होळीपासून पुन्हा उघडायची, आणि आता रागिणीचा पंजा मनगटापर्यंत आत जायचा. आत गार असायचं. भर उन्हाळ्यातसुद्धा आत गार असायचं, आणि तिला ते आवडायचं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. भेगेचे ती फोटो काढत राहायची. भिंतीला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नव्हता, कारण तिच्यावरच्या फरश्या नितेशने स्वतः लावल्या होत्या. ठिबकच्या नळ्या विकत गावोगाव फिरणारा माणूस. दुष्काळाच्या सालात लोक त्याला भाकर खाऊ घालायचे पण नळ्या घ्यायचे नाहीत. अशाच एका रिकाम्या मे महिन्यात त्याने मोबाइलवर पाहून पाहून हिरव्या, द्राक्षाच्या घोसांच्या फरश्या भिंतीवर चढवल्या, आणि एक उलटी बसवली. तिचा घोस खालून वर लोंबत होता. केवढी भांडली होती ती! तो म्हणाला, राहू दे ना बाप्पा, पाहुण्याले बोलाले विषय होईन. आता सासूने, पार्वताबाईने, निर्वाणीचं सांगितलं होतं: “पाणी पडाच्या आत भिंत पाडून नवी नाई केली, तं मी भावाकडे चांदूर रेल्वेले जाईन. माहा लेक गेला, आता तू बी त्या भिंतीखाली जाशीन काय?” तेव्हा रागिणीने माणूस शोधायला घेतला.

पूर्वी असं असलं की पानठेल्यावर विचारायचं. आता पोरी म्हणतात, मॅडम, रिव्ह्यू पाहा. तर ती पाहत होती. एकाने एक तारा दिला होता, कारण मजुरांनी तुळशीत पिचकाऱ्या मारल्या. एकाने पाच दिले होते आणि लिहिलं होतं, ठीक. एकजण तिथंच ओरडत होता, भाऊ फोन उचला. त्यातल्या त्यात हसनैन नावाच्या ठेकेदाराचं बरं बोललं गेलं होतं. अकोला, अमरावती, दोन्हीकडे कामं. आणि खाली सरकता सरकता हा. घरचे सगळे खुश! कोणत्या घरचे? या घरच्या दोघी जणी तर तीन वर्षांत एकदाही एकाच वेळी हसल्या नव्हत्या. आणि ‘एकडाव येऊन पाहा’? शेतकऱ्याला बांधावर गाठून नळ्या दाखवायला न्यायचा तेव्हा हेच म्हणायचा तो. अख्खं वऱ्हाड असंच बोलतं, हे तिला कळत होतं. कळून काय होतं? तिने ते तीन शब्द त्याच्या आवाजात ऐकले होते, आणि आवाज एकदा कानात शिरला की त्याला बाहेर कसं काढणार?

तिने हसनैनला फोन केला. आवाज नीट ठेवून विचारलं, तुमचं एखादं काम पाहता येईल का, ज्यांनी दिवाळीनंतर लिहिलंय त्यांचं? नाव तिने घेतलं नाही. तो खुश झाला. “पाहा ना जी, बिलकुल पाहा. अकोल्याले जुन्या शहरात हाय, मोर्णेच्या पुलापल्याड. घरी बाई एकट्याच असतात, साहेब बाहेर राहते. पण काम असं झालं मॅडम, फोटो पुढे ठेवून केलं. एक-एक फरशी फोटोत पाहून लावली. असंच पायजे म्हणे, याच्यात फरक नाई पायजे.” रागिणीने पत्ता लिहून घेतला. बाई एकट्याच असतात. साहेब बाहेर राहतात.

खरं सांगायचं तर तिने त्याला मेलेला पाहिलाच नव्हता. तिवशाच्या पुढं हायवेवर टँकरखाली आला, आणि आणला तेव्हा डोक्यापासून छातीपर्यंत पांढरं गुंडाळलेलं होतं. दीर म्हणाला होता, पाहू नको वहिनी, हात जोडतो, पाहू नको. ती आज्ञाधारक. नाही पाहिलं. एक हात तेवढा चादरीबाहेर होता. ओळखीचा होता का तो? नवऱ्याचा हात म्हणून कोण कधी नीट पाहतं? ताट पुढं सरकवणारा, गाडीची किल्ली शोधणारा, पाठीवर पडणारा हात. पण नुसताच पडलेला असला तर तो कुणाचाही असतो. तीन वर्षं हा विचार तिने वर येऊ दिला नव्हता. त्या संध्याकाळी तो आला आणि पाटावर मांडी घालून बसला. पार्वताबाईला ती एवढंच म्हणाली, उद्या अकोल्याला जाते, काम पाहून येते. सासू म्हणाली, “पाहूनच ठेव मानूस. आजकाल बोलाले सगळेच गोड असतात.”

एसटी बडनेरा सोडून मूर्तिजापूरकडे लागली तेव्हा ऊन वर आलं होतं. खिडकीतून उभी पऱ्हाटी दिसत होती, आणि तिच्यात सोडलेल्या मेंढ्या. बोंडं लागलेली, पण आत अळी. वेचण्यात अर्थ नाही म्हणून लोकांनी शेतंच्या शेतं चरायला दिली होती. एका ठिकाणी तर ट्रॅक्टर हिरव्या झाडांवरून फिरत होता. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, काय पीक आलंय! रागिणी पाहत होती आणि मनातल्या मनात नितेशशी भांडत होती. म्हणजे गेलास तर गेलास, पण दुसरीच्या घरी वट्टा मजबूत? इथं भिंत फाटली, तुझी आई गुडघे धरून बसते, आणि तिकडं ओल नाही, सगळे खुश! तिला हसू आलं, आणि हसताना कळलं की आपण तर आनंदात आहोत. लाज वाटली. पण होती आनंदात, काय करणार. मत्सराने जीव जळत होता आणि त्या जळण्यात तीन वर्षांत पहिल्यांदा ऊब होती. असू दे दुसरी. असू दे मुसलमानीण, असू दे कुणीही. दार त्यानेच उघडलं तर काहीही विचारायचं नाही, असं तिने बोरगाव मंजूपर्यंत ठरवून टाकलं. फक्त म्हणायचं, भिंत पडायला आली, चल. आणि मग पुढच्याच क्षणी तिला भीती वाटायला लागली, की दार उघडेल आणि तो असेल, पण डोक्यापासून छातीपर्यंत गुंडाळलेला असेल. तिने बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. शेजारच्या म्हातारीने विचारलं, मळमळून राहिलं काय वं?

मोर्णेच्या पुलावरून रिक्षा उतरली, गल्ल्या अरुंद झाल्या. घर बैठं होतं, नवा पोपटी रंग, दाराला जाळीचा पडदा. रागिणीने कडी वाजवली आणि पदर नीट केला. नीट केला म्हणून स्वतःचाच राग आला. दार उघडलं ते एका बाईने. तिच्याच वयाची, डोक्यावर ओढणी, हाताला पीठ. बाईने तिच्याकडे पाहिलं, आणि तिचं तोंड हळूहळू उघडं पडत गेलं.

“अल्ला! रागिणीभाभी?”

रागिणी उंबऱ्याबाहेरच राहिली. ही बाई तिने जन्मात पाहिली नव्हती. “या ना, बाहीर काहून उभ्या? मी रईसा. तुमी मले नाई ओळखत, कसं ओळखसान? अवं माय, तुमी तं फोटोपेक्षा बारीक झाल्या.” तिने पिठाच्या हातानेच रागिणीचं मनगट धरलं आणि आत ओढलं. बैठक ओलांडली, मधलं दार आलं, आणि रागिणी आपल्या स्वयंपाकघरात उभी होती.

आपल्याच. हिरव्या फरश्या, द्राक्षाचे घोस. वट्ट्याच्या कोपऱ्यात गोल कापलेला दगड; घरच्या वट्ट्याच्या कोपऱ्यावर पार्वताबाईची कंबर आपटायची म्हणून नितेशने तो गोल करून घेतला होता. वर निळी फळी, फळीला पितळी हूक. खिडकीखालच्या तिसऱ्या ओळीत एक फरशी उलटी, घोस खालून वर. फक्त भेग नव्हती. भिंत अखंड होती, जशी त्या मे महिन्यात होती, आणि मसाल्याच्या डब्याशेजारी चहाचे दोन कप पालथे घातलेले होते. रागिणीला वाटलं, आता मागून तो म्हणेल, सरक, मले पाणी घेऊ दे. ती खरंच थोडी सरकली.

“ते कुठं आहेत?” तिने विचारलं.

“कोण? मोईज? त्याईले तं दोन सालं झाले हैद्राबादले. फर्निचरच्या कारखान्यात.” रईसाने स्टूल पुढं केलं. “बसा भाभी, तुमचं तोंड पांढरं पडलं. थांबा, मी सांगतो सगळं, गुस्सा करू नका.” आणि तिने फ्रिजवरचा फोन आणून रागिणीच्या मांडीवर ठेवला. कोपऱ्याला तडा गेलेला, मागं ठिबकच्या कंपनीचं स्टिकर अर्धं निघालेलं. नितेशचा फोन. तेरवीच्या दिवशी पार्वताबाईने भाच्याच्या हाती लेकाचे कपडे दिले, छत्री दिली, चपला दिल्या, आणि वर फोनही ठेवला. फोनबिगर तो कुठी जातच नोहता, म्हणाली. भाच्याने पुढं तो कुठं विकला असेल, विकला असेल. “मोईजनं बडनेऱ्याच्या दुकानातून सेकंड हँड आणला,” रईसा सांगत होती. “दुकानवाला म्हणे, याच्यातलं पहिल्या मालकाचं नाव काढू नका, काढलं का फोन कुलूप होते, मंग उघडत नाई. आमी घाबरलो. तसंच राहू देल्लं. त्याच्यात तुमचे फोटो होते सगळे. नितेशभाईचे, तुमचे, बुढीमायचे. केकवर नाव होतं तुमचं. अन् नवे बी येतात ना. तुमी तिकडं काढला का इकडं येते. याचा कॅमेरा फुटेल हाय, नाईतं आमचे बी तिकडं आले असते.”

रागिणीला आठवलं. तिचा फोन नितेशनेच सुरू करून दिला होता. दोन दोन खाती कायले पाह्यजेत, म्हणाला होता, नवरा-बायकोचं एकच चालते. तिने त्या खात्याला कधी हात लावला नव्हता. म्हणजे तीन वर्षं ती जे जे टिपत होती, ते सगळं मोर्णेपल्याड या फ्रिजवर येऊन पडत होतं. वसतिगृहाच्या रिकाम्या खोल्या. डॉक्टरला दाखवायला काढलेला सासूचा सुजलेला पाय. भेग, पुन्हा भेग, भेगेत घातलेला हात. आणि आरशासमोर नितेशचं जाकीट घालून काढलेला तो एक, जो तिने लगेच पुसून टाकला होता, निदान तिला तसं वाटलं होतं. तिला एकदम उघडं वाटलं, अंगावरचं लुगडं कुणी ओढावं तसं. रईसाने ते तिच्या चेहऱ्यावर वाचलं असावं. ती खाली बघत म्हणाली, “ते जाकिटवाला फोटो मी कोणालेच नाई दाखवला भाभी. कसम.”

चहा झाला. रईसा बोलत राहिली, जणू दोघींची बालपणापासूनची ओळख. घरात एकटी, मोईजचा फोन आठवड्यानं, मग संध्याकाळी हेच फोटो पाहायचे. चिखलदऱ्याचे, कौंडण्यपूरच्या जत्रेतले, वट्ट्याशी उभे राहून नितेशने घोस दाखवत काढलेले. “मोईज म्हणे घर बांधून घे. मी हसनैनभाईले म्हटलं, मले असंच सयपाकघर पायजे. ज्याच्यात लोक असे हसतात.” तिने उलट्या फरशीवरून ओढणीच्या टोकाने हात फिरवला. “हे उलटी काहून लावली, मले समजलं. नजर लागू नये म्हणून ना? आमी बी लावली.” मग हसनैनभाई म्हणाला तारे द्या, हिने दिले, चार शब्द लिहिले. नाव कुणाचं येतं, तिला काय माहीत? रागिणी ऐकत होती. आत काहीतरी विझत चाललं होतं. उत्तर मिळालं होतं, सरळ, साधं, पंचनाम्यासारखं. तो नाही. तो कुठेच नाही. परत जायला दुपारची एसटी मिळेल.

“एक विचारू भाभी?” रईसाने कप विसळता विसळता मान वळवली. “भाई इतक्यात फोटोत दिसत नाई. लय दिवस झाले. मी मनात म्हणो, ते बी मोईजसारखे बाहीर गेले असतीन कामाले. इकडं काय राह्यलं आता, शेतीचे हाल असे, सगळ्याईचे मानसं बाहीर. बरे हायेत ना ते?”

पाणी नळातून पडत होतं. रागिणीने त्या बाईकडे पाहिलं. ओली बोटं, वाट पाहण्याने बारीक झालेले डोळे. अमरावतीत, तिवशात, चांदूरमध्ये, सगळ्या जगाला ठाऊक होतं. तिला सांगण्याआधीच ठाऊक होतं. रस्त्यात बायका तिच्या कपाळाकडे आधी पाहायच्या आणि मग तोंडाकडे. आणि इथं, या एका स्वयंपाकघरात, कुणाला काही माहीत नव्हतं. इथं तो अजून नुसता बाहेर गेलेला होता. एक शब्द उच्चारायचा आणि त्याला इथंही मारायचं. कोण मारणार? तिनं?

“बरे आहेत,” ती म्हणाली.

“हैद्राबादलेच काय?”

“नाही. लांब.”

“मंग कवा येतीन?”

“उन्हाळ्यात,” रागिणी म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिच्या पोटात उन्हाळा उघडला, आंब्यांचा, कुलरच्या वासाचा. असा खोटेपणा तिने कधी केला नव्हता. गोड लागला. मेला, इतका गोड लागला की डोळ्यांत पाणी आलं, आणि रईसाला ते विरहाचं वाटलं. तिनेही डोळे पुसले. “मोईज बी उन्हाळ्यातच म्हणते. दरसाली म्हणते. बाहीरचे मानसं फोटो काढाचे विसरतात भाभी. ते आले का तुमी एक काढा. जास्त नाई, एक. मले इथं दिसन.”

घरी आली तेव्हा पार्वताबाई तांदूळ निवडत बसली होती. काम कसं हाय, तिने विचारलं. चांगलं आहे, रागिणी म्हणाली, उद्यापासून येऊ दे म्हणावं त्याला. मग ती सासूच्या समोर खाली बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. फोन, फोटो, तिथलं स्वयंपाकघर. शेवटी म्हणाली, “त्या बाईला माहीत नाही आई. तिला वाटतं, नितेश कामाला गेलाय.” पार्वताबाईची बोटं ताटात थांबली. “तुनं सांगतलं काय?” “नाही.” म्हातारीने एक खडा उचलून दाराबाहेर टाकला. “बरं केलं,” ती म्हणाली.

हसनैनची माणसं आली आणि भिंत पाडली. रागिणी जवळ उभी राहिली. हिरव्या फरश्या ढासळल्या, उलटी कुठली ते ढिगात कळलंसुद्धा नाही, आणि तिला काहीच झालं नाही. आपलं सामान सुरक्षित ठिकाणी पोचलंय, असं वाटलं फक्त. स्वयंपाक बैठकीत आणला. दिवस गेले, उन्हाळा लागला. चैत्र सरला तसं तिला चैन पडेना. ऑफिसात बसल्या बसल्या वाटायचं, अकोल्यात कुणीतरी फ्रिजवरून फोन उचलून पाहतंय आणि परत ठेवतंय. बाजारातून जाताना तिने जेंट्स चपलांचा एक जोड घेतला, दुकानदाराने माप विचारलं तर न अडखळता सांगितलं. तो दारात काढून ठेवला. रविवारी दुपारी सतरंजीवर तिने तीन ताटं मांडली. तिसऱ्यात भाकर, पिठलं, कांदा. ग्लासात पाणी. मग ती मागं सरली आणि फोन डोळ्यांसमोर धरला. चपला एका कोपऱ्यात येत होत्या.

“थांब,” पार्वताबाई म्हणाली.

ती भिंतीला धरून उठली, आली, तिसऱ्या ताटाकडे उभ्या उभ्या पाहिलं. रागिणीने फोन खाली घेतला. वाटलं, आता ही रडेल, नाहीतर ताट भिरकावेल. पार्वताबाई खाली बसली. तिने भाकरीचा घास मोडला, पिठल्यात बुडवला, ताटाच्या कडेला थोडं सांडू दिलं, आणि घास आपल्या तोंडात टाकला. कांद्याची एक फोड चावून अर्धी परत ठेवली. पाण्याचा घोट घेतला. पुन्हा एक घास मोडला, चावून चावून गिळला.

“तसं कोरं ताट कोन मानंन वं?” ती म्हणाली. तोंड पदराने पुसून ती बाजूला सरकली, ताटासमोरची जागा मोकळी करून. “जेवता जेवता उठला असन म्हना, हात धुवाले. काढ आता.”

रागिणीने फोटो काढला.